तिसरा लिव्हर

माझा आवाज लहान आहे. वर्गात तो मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही अशी मुलांची तक्रार असते. घरी आणि नातलगांत मात्र तोच माझा गुण म्हणून सांगितला जातो. 'सर कधी कोणाला वर आवाज करून बोलले नाहीत.' हे खरे आहे. पण ज्याला मोठ्याने बोलता येत नाही त्याला पुष्कळ गोष्टी न बोलताही राहता येते आणि कोणी त्याला त्याबद्दल टोकत नाही, हेही तितकेच खरे आहे. या सवलतीच्या आडोशाने मी एक गोष्ट सहा वर्षे लपवली. एका वृद्ध माणसाच्या सायकलच्या पिशवीतून मी तीन लिव्हर काढून घेतले होते. लिव्हर म्हणजे टायर रिमवरून उचकटायच्या, वीतभरही नसलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या. कोणत्याही दुकानात मिळतात. चोरी म्हणावी इतकीही त्यांची किंमत नसते. त्या काढल्यामुळे त्या माणसाचे काय गेले हे सांगायचे, तर आधी तो माणूस सांगायला हवा.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलगा गावी शेतीवर, सावेडीतल्या बंगलीत एकटेच राहणारे. उंच, काटक, आणि हनुवटीखाली हेल्मेटच्या पट्ट्याचा पांढरट वळ. गोड माणूस असे त्यांचे वर्णन त्यांच्या मित्रानेही केले नसते. मुळात मित्र म्हणावा असा कोणी त्यांना होता की नाही, याचीच मला शंका आहे. आम्ही सातआठ जण रविवारी पहाटे नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला सायकली घेऊन निघत असू. त्या मंडळीत ते वयाने सगळ्यांत मोठे होते, आणि आमच्यावर त्यांचा अंमल चाले तो भिंगारच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर.

"पिशव्या उघडा."

हे त्यांचे सुप्रभात. पंपाच्या ओट्यावर ते वर्तमानपत्र पसरत आणि प्रत्येकाने आपल्या सीटखालची पिशवी त्यावर रिकामी करायची. सुटी ट्यूब, ठिगळे, सोल्युशनची नळी, घासायचा कागद, लिव्हर, षटकोनी पान्यांचा जुडगा, साखळी तुटली तर जोडायची कडी, हातपंप. यांतले एक जरी कमी असले तरी त्या माणसाने घरी परत जायचे. त्यात डॉक्टर, वकील, वयाने मोठा, लहान, असा भेद नव्हता.

आमच्यातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराची जीभ तिखट होती. तो म्हणे, "अण्णा, लग्नात रुखवत मांडतात तसं मांडायला लावता राव तुम्ही दर रविवारी!"

"रुखवतातलं काही वापरायचं नसतं," अण्णा वर न बघता म्हणत. "इथलं सगळं वापरायचं असतं. ही ट्यूब कुठल्या मापाची आहे?"

"सायकलच्या मापाची."

"कुठल्या सायकलच्या? तुमच्या की दुकानदाराच्या?"

नवीन कोणी सायकल घेतली की अण्णा न बोलावता त्याच्याबरोबर दुकानात जात, आणि दुकानदाराला घाम फुटे. आमच्या डॉक्टरांनी एकदा वीस हत्यारे एकात असलेला एक चकचकीत पाना पसंत केला. अण्णांनी तो हातात घेतला आणि त्यातले एकेक पाते उघडून डॉक्टरांच्या नव्या सायकलच्या प्रत्येक नटाला लावून पाहिले. दुकानात गिऱ्हाईक ताटकळले होते, तरी त्यांनी घाई केली नाही. शेवटी म्हणाले, "यातली सहा बसतात. बाकीची चौदा तुम्ही करंजीच्या घाटात आपल्या पायांनी चढवणार. कशासाठी? बाटली उघडायला?" डॉक्टर हसले, पण पाना तिथेच ठेवला. वस्तू घेऊन झाल्यावर अण्णा त्या माणसाला बंगलीवर बोलावत, अंगणात सायकल उलटी ठेवायला लावत आणि डोळ्यांवर रुमाल बांधून ट्यूब बदलायला सांगत. "जे हाताला पाठ नाही ते जवळ असून नसल्यासारखं," असे त्यांचे म्हणणे. त्या परीक्षेत मी चौथ्या खेपेला उतरलो. रुमाल सोडताना त्यांनी शाबासकी दिली नाही. "नखं कापा," एवढेच म्हणाले.

घंटीवरून ते विशेष भांडत. महागड्या सायकलीला घंटी लावणे आमच्यातल्या पुष्कळांना गावठी वाटे. अण्णांच्या हँडलला मात्र पितळेची, वाटीएवढी घंटी होती; ती वाजली की मेहेकरीच्या वाटेवरच्या म्हशीसुद्धा बाजूला होत. मी एक नाजूक, अंगठीसारखी घंटी लावून आलो तेव्हा त्यांनी ती दोनदा वाजवली, कान जवळ नेऊन पुन्हा वाजवली, आणि म्हणाले, "सर, ही तुमच्यासारखीच आहे. ऐकू गेली नाही ती घंटी नव्हे, दागिना."

सगळे हसले. मीही हसलो. मी नेहमीच हसत असे.

ऊस वाहतुकीचे दिवस आले की त्यांच्या पिशवीत लाल, अंधारात चमकणाऱ्या पट्टीचे एक भेंडोळे वाढे. बैलगाडी दिसली की ते तिच्यापुढे जाऊन सायकल आडवी लावत, आणि गाडीवानाला काही न विचारता मागच्या फळीला पट्टी चिकटवू लागत. एकदा एक गाडीवान वैतागून म्हणाला, "ओ बाबा, सरका की. आता बैलाला बी टोपी घालता का तुमच्यावानी?"

"बैलाला अक्कल आहे. त्याला लागत नाही," अण्णा म्हणाले आणि पट्टी अंगठ्याने दाबत राहिले.

गाडीवान आमच्याकडे बघून म्हणाला, "ह्यो घरी बी आसाच हाय का?" घरी कोणी नव्हते, हे त्याला कोण सांगणार?

तर अशा माणसाविषयी आदर वाटावा, धाक वाटावा आणि त्याची एकदा तरी जिरावी असेही वाटावे, यात आश्चर्य नाही. पण माझ्या बाबतीत एक गोष्ट वेगळी होती. इतरांना जे माहीत नव्हते ते मला माहीत होते, आणि ते त्यांनीच मला सांगितले होते.

एका उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर माझा टायर फाटला. आत लावायला त्यांनी टूथपेस्टच्या नळीचा कापून ठेवलेला तुकडा दिला आणि मी काम करीत असता ते शेजारच्या दगडावर बसून अचानक आपल्या वडिलांबद्दल बोलू लागले. वडील राहात्याकडे शाळामास्तर होते. कोसाकोसांवरची माणसे त्यांना हिशेब विचारायला येत. उतारवयात ते बाजाराला सायकलवर जात आणि चालत परत येत. सायकल बाजारातच राही. पुढे पुढे सायकल कोणी घरी आणून देई आणि मास्तर बाजारातच राहत. शेवटी त्यांनी आपल्या या मुलाला, तो नोकरीवरून सुट्टीला आला असता, अदबीने विचारले, "आपण कोणाकडे आलात?"

"सायकल हीच पहिली खूण होती, सर," अण्णा म्हणाले. "आम्हाला कळली नाही. मी पिशव्या तपासतो त्या तुमच्यासाठी नाही. आदल्या संध्याकाळी माझी मी भरतो, आणि सकाळी सगळ्यांच्या देखत मांडतो. ज्या दिवशी त्यात एक वस्तू कमी निघेल त्या दिवशी माझं सुरू झालं, असं मी समजेन. मग उगाच लोकांना त्रास द्यायचा नाही."

मी मान हलवली. त्यांना माझी मान पुरली असावी; ते उठले आणि माझ्या टायरची हवा अंगठ्याने चाचपू लागले.

त्यानंतर काही महिन्यांनी, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असताना, मी आमच्या महाविद्यालयाच्या नव्या प्राचार्यांना रविवारच्या फेरीला बोलावले. त्यांना सायकलीची हौस होती आणि मला त्यांच्या मर्जीची गरज होती. पंपावर अण्णांनी वर्तमानपत्र पसरले. माझी पिशवी नवी होती, प्राचार्यांनी तिचे कौतुकही केले होते. अण्णांनी माझी सोल्युशनची नळी दाबली. ती दगड झाली होती. ट्यूब उलगडली, तिचा वॉल्व्ह आखूड, माझ्या रिमबाहेर डोकावलाही नसता.

"गेल्या रविवारी मी विचारलं, 'सर, नळी बघितली का?' तुम्ही 'हो' म्हणालात."

मी ट्यूबची घडी घालू लागलो.

"म्हणजे खोटं बोललात. आणि तेही इतकं हळू, की मला खरं वाटलं."

पंपावर हशा पिकला. प्राचार्य सर्वांत मोठ्याने हसले. नियमाप्रमाणे मी परत जायला हवे होते, पण प्राचार्यांनीच मध्यस्थी केली, "जाऊ द्या हो, माझ्यासाठी," आणि हार्डवेअरवाल्याने आपली जादा नळी व ट्यूब माझ्या पिशवीत कोंबली. त्यांची ती मेहरबानी मला हशाहून जास्त झोंबली. या गोंधळात अण्णांची स्वतःची पिशवी त्या दिवशी मांडायची राहिली.

करंजी घाटाच्या माथ्यावर चहाची टपरी आहे. बाकीचे तिथून परतत; अण्णा चहा न घेता तोंड धुऊन घाट उतरत, तिसगावपर्यंत एकटेच जाऊन परत चढून येत. त्यांची सायकल टपरीमागे बाभळीला टेकवलेली होती. ते हापशावर गेले होते. मी त्यांची पिशवी उघडली.

त्या पिशवीत वस्तू कोंबलेल्या नव्हत्या. प्रत्येकीची जागा ठरलेली होती आणि ती मला पाठ होती. लिव्हर रबराने बांधलेले होते. अण्णांनी तापल्या सुईने त्यांच्यावर खुणा केल्या होत्या: एकावर एक खाच, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. टायर काढायला दोनच लागतात. तिसरा कशाला, असे कोणी विचारले की ते म्हणत, "दोन माझे. तिसरा ज्याच्याकडे नसेल त्याचा." मी तिन्ही काढून पाठीमागच्या खिशात टाकले आणि पिशवीची चेन ओढली.

माझा बेत काय होता? ते हापशावरून परत आले की सगळ्यांसमोर म्हणायचे, 'अण्णा, आता तुमची पिशवी उघडा.' एवढाच. आणि त्यांच्या वडिलांची गोष्ट? ती मला त्या क्षणी आठवली नाही, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. तसे नाही. ती आठवली, म्हणूनच माझा हात घंटीकडे किंवा चाकाच्या हवेकडे न जाता पिशवीकडे गेला. कुठे दुखेल हे मला ठाऊक होते. किती दुखेल, एवढेच ठाऊक नव्हते.

ते हापशावरून आले, रुमालाने मान पुसली, टपरीकडे न वळता सायकलवर बसले आणि घाट उतरू लागले. मी हाक मारली. मी हाक मारली असे म्हणतो खरा. शेजारी बसलेल्या डॉक्टरांनीही कपातून डोके वर काढले नाही. उठून मागे जाता आले असते. मी चहा संपवला.

पुढच्या रविवारी अण्णा पंपावर सगळ्यांच्या आधी आलेले होते. वर्तमानपत्र पसरलेले, आणि त्यावर फक्त त्यांची पिशवी मांडलेली.

"आज माझी तपासा," ते म्हणाले. "यात लिव्हर नाहीत. गेल्या रविवारीही नव्हते. मी विसरलो."

तिसगावच्या अलीकडे सराट्याच्या काट्याने त्यांचे चाक बसले होते. ट्यूब होती, पंप होता. टायर नवा, घट्ट, बोटांत संधिवात. पान्याने उचकटले तर ट्यूब चिमटते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेले, म्हणून तेही केले नाही. ते उन्हात उभे राहिले. पाथर्डीकडून ऊसतोडीला निघालेल्या एका कुटुंबाचा टेम्पो आला. भांडी, पत्रे, गोधड्या, दोन शेळ्या, वर बायका-मुले. जन्मात कोणाच्या गाडीत सायकल न घातलेल्या या माणसाची सायकल त्यांनी शेळ्यांच्या वर बांधली.

"बाई चांगली होती," अण्णा म्हणाले. "विचारलं तिनं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, हत्यार घरी विसरलं. तर म्हणते, 'आवो बाबा, आमी चार महिन्यांचं बिऱ्हाड बांधतो, तरी दरसाल काय ना काय ऱ्हातंच. औंदा तवा ऱ्हायला. म्हनून काय रडत बसायचं व्हय?'"

"बरोबर बोलली की!" हार्डवेअरवाला म्हणाला. "अहो अण्णा, वय झालं. चालायचंच."

"हो," अण्णा म्हणाले. "तेच."

त्यांनी वस्तू जागच्या जागी भरल्या, चेन लावली, आणि आपल्याच नियमाप्रमाणे सायकल घराकडे वळवली. कोणी मध्यस्थी केली नाही, कारण कोणाला त्यात काही गंभीर वाटले नाही. ते तिन्ही लिव्हर त्या वेळी माझ्या पाठीवरच्या खिशात होते. विनोद म्हणून परत द्यावेत असे ठरवून मी ते आणले होते. पण विनोदाची वेळ टळली होती, आणि कबुलीला जो आवाज लागतो तो माझ्याजवळ नव्हता. सायकलवर बसलो की ते माकडहाडाशी टोचत होते. मी त्या दिवशी घाटापर्यंत जाऊन आलो.

चारपाच दिवसांनी लिव्हर खिशात घालून मी त्यांच्या घरी गेलो. बंगलीत चोरी झाल्यासारखे दिसत होते. कपाटे रिकामी, माळ्यावरच्या ट्रंका खाली, गाद्या उलटलेल्या. अण्णा दिवाणखान्याच्या मधोमध स्टुलावर बसले होते.

"सापडत नाहीत," ते म्हणाले. "कुठे ठेवले असतील मी? तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला बाहेरून दिसेल कदाचित."

ते माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले. आणि मी माझ्या आयुष्यातली दुसरी चूक केली. मला वाटले होते की ती पहिलीची दुरुस्ती आहे. टेबलाच्या खणात जुने नकाशे आणि मोजपट्टी होती. त्यांच्याखाली मी लिव्हर सरकवले. मनात म्हटले, सापडतील, हायसे वाटेल, संपेल.

दोन लिव्हर सरकवले. रबर केव्हाच निघाले होते; तिसरा दुसऱ्या खिशात राहिला होता, हे मला घरी आल्यावर कळले.

त्यांचा फोन आला. "सर, सापडले. दोन."

"बरं झालं, अण्णा."

"बरं? तो खण मी दोनदा रिकामा केला होता. जमिनीवर पालथा केला होता. वस्तू विसरणं निराळं. डोळ्यांसमोर असून न दिसणं निराळं. वडिलांचं दुसऱ्या वर्षी असंच झालं होतं. मी पहिल्याच महिन्यात तिथवर आलो."

मी म्हणालो, "असं काही नसतं, अण्णा." तेही त्यांना नीट ऐकू गेले नसावे.

पुढचे सगळे त्यांनी धरण रिकामे करावे तसे पद्धतशीर केले. सायकल बंद. मोटार बंद. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि वयाच्या मानाने सगळे ठीक आहे म्हणून सांगितले, तर हे म्हणाले, "त्यांनी माझी पिशवी कुठे बघितली?" बँकेतला सहीचा अधिकार मुलाच्या नावे केला. बंगली विकली. मुलगा राहात्याला पेरूची बाग करतो; त्याच्याकडे राहायला जाण्याआधी त्यांनी हत्यारे वाटून टाकली. पंप डॉक्टरांना, पितळी घंटी हार्डवेअरवाल्याला. पिशवी मला.

"तुम्हाला का देतोय माहीत आहे?" त्यांनी विचारले. "बाकीचे म्हणाले, चालायचंच. तुम्ही एकटे घरी चौकशीला आलात."

मी ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली. तिच्यात दोन लिव्हर होते आणि तिसऱ्याची जागा मोकळी होती. घरी तिसरा माझ्या कपाटात होता. सहा वर्षे मी ती पिशवी वापरली नाही, टाकली नाही, आणि तो लिव्हर तिच्यात ठेवलाही नाही.

नगरची रविवारची मंडळी त्यानंतर हळूहळू बिनपिशवीची झाली. आता फोन करतात. कोणाची तरी गाडी येते. हसत हसत गाडीत सायकल घालतात. त्यात वाईट काही नाही. पण पंपावरून जाताना मला तो ओटा दिसतो.

या वर्षी परीक्षेच्या कामासाठी मला राहात्याला जावे लागले. काम संपल्यावर मी बाग शोधीत गेलो. खिशात तिसरा लिव्हर होता. तो मी न्यायचा म्हणून नेला, की नेहमीप्रमाणे परत आणायचा म्हणून, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

फाटकाला आतून कुलूप होते. त्यांची सून किल्ली घेऊन आली. "या काका. नगरहून आलात का? बरं वाटेल त्यांना."

"कुलूप?"

"बाहेर सोडत नाही ना त्यांना. हरवले बिरवले तर?"

"कधी हरवले होते?"

"छे, हरवले नाही कधी," ती सरळपणाने म्हणाली. "पण तेच म्हणतात ना रोज, कुलूप बघा म्हणून. संध्याकाळी स्वतः ओढून बघतात."

अण्णा ओसरीवर खुर्चीत होते. बारीक झाले होते. भिंतीवर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या डकवलेल्या: गॅस. नळ. चष्मा गळ्यात. मी पायऱ्या चढत होतो तोच ते म्हणाले, "या, सर. दाढी ठेवलीत. घंटी बदलली का?"

सहा वर्षांनी पाहिलेल्या माणसाची दाढी नवी आहे हे त्यांना कळले होते, आणि घंटीही आठवत होती.

बागेत विहिरीवर जुने इंजिन धडधडत होते. वीज गेली होती. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि म्हणालो, "अण्णा, ते लिव्हर मी काढले होते."

"काय? इकडच्या कानानं ऐकू येत नाही मला आता."

मी दुसऱ्या बाजूला गेलो. पुन्हा म्हणालो. घाट, टपरी, हापसा, सगळे. त्यांनी ऐकून घेतले आणि माझ्या गुडघ्यावर थोपटले.

"चांगले आहात तुम्ही. पहिल्यापासून. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून इतक्या लांब आलात. पण तसं नसतं, सर. माझं मला कळतं."

तेव्हा मी खिशातून तिसरा लिव्हर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठा फिरवला. एक खाच. दोन. तीन. अंगठा तिथे थांबला आणि पुन्हा मागे आला. इंजिन धडधडत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसेल असे मी कुठेतरी धरून चाललो होतो, हेही मी इथे कबूल करतो. आनंद नव्हता.

"खणातले?" त्यांनी विचारले.

"मीच ठेवले. तुम्ही पाणी आणायला गेला होता तेव्हा."

"म्हणजे खण रिकामा होता."

"हो."

"दोन्ही वेळा."

"हो, अण्णा."

ते भिंतीवरच्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. मग फाटकाकडे. "मी बंगली विकली," ते म्हणाले. जणू मला ठाऊक नव्हते.

मी म्हणालो, "मला क्षमा करा."

"हे मला कशाला सांगता?" त्यांचा आवाज एकदम पंपावरचा झाला. "मी तर म्हातारा, विसरभोळा. उद्या मी म्हणेन, नगरचे सर आले होते, म्हणाले तुम्ही विसरला नव्हता. आणि सून म्हणेल, हो हो मामा, जेवून घ्या. कुलपाची किल्ली तिच्याकडे आहे. मुलगा तिकडे झाडांत आहे. त्यांना सांगा. इथून सांगा."

"त्यांना बोलावून..."

"इथून. आणि इंजिनाच्या वर. ऐकू गेली नाही ती..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही.

मी ओसरीच्या कडेला गेलो. सून अंगणात कपडे वाळत घालत थांबली होती. लांब झाडांत त्यांचा मुलगा आणि दोन बायका पेरूंना कागद बांधीत होती. पहिला शब्द नेहमीसारखाच, माझ्या पायाशी पडला. मागून लिव्हर खुर्चीच्या हातावर आपटल्याचा आवाज आला, टक. मग पुन्हा, टक.

मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो. इतके मोठे मी जन्मात ओरडलो नव्हतो. झाडांतल्या बायका वळल्या, मुलगा हातातले कागद टाकून ओसरीकडे धावत निघाला, आणि मी थांबलो नाही.

"अण्णा काही विसरले नव्हते! लिव्हर मी चोरले होते! खणात मी लपवले होते! त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही, ते मी केलं, सहा वर्षं मी गप्प बसलो! अण्णा, मी तुमचा गुन्हेगार आहे! मला क्षमा करा!"